उपास नव्हे, प्रयोग

मंडईपाशी मेट्रोच्या जिन्याच्या कडेला चपला शिवणारा एक जण बसतो. त्याच्यापुढे एक म्हातारा एका हाताने पँट धरून उभा होता आणि तो म्हातारा माझे वडील आहेत हे मला काही क्षण कळलंच नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तुळशीबागेतून कुकरची रिंग घेऊन निघाले होते. दुसऱ्या कशासाठी रजा टाकली असती तर बरं वाटलं असतं, पण रिंगसाठी टाकली, असो. त्या माणसाकडे पाहून मी मनात म्हटलं, कोणाच्या घरचं माणूस आहे हे, असं एकट्याला कसं सोडतात लोक. शर्ट हँगरला लावल्यासारखा खांद्यांवर लटकत होता, मानेच्या मागे दोन शिरा आणि मध्ये खड्डा, आणि पँट न धरलेल्या हाताचा अंगठा बोटावर सारखा घासला जात होता, तंबाखू मळतात तसा. चपला शिवणाऱ्याने पट्ट्यावर आरी टेकवली आणि किती भोकं पाडायची ते विचारलं. म्हातारा म्हणाला, "दोन पाड. एक आत्ताचं, एक पुढं लागेल." तो आवाज माझ्या घरचा होता. आधी आवाज ओळखला, मग तो कारखान्यातला जुना पट्टा, आणि माणूस सगळ्यांत शेवटी. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि हाक मारली.

दादा वळले. वळायला त्यांना वेळ लागतो, आधी मान, मग खांदे, मग पाय. आणि मलाच विचारलं, तू इथं काय करतेस, लॅबला गेली नाहीस का. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. खरं तर त्या वेळी त्यांनी बोपोडीला आमच्या घरात असायला हवं होतं, जेवून, खुर्चीत, पेपर पोटावर ठेवून. हिरामावशी सकाळी येतात, भाकरी-भाजी करतात, त्यांचं ताट झाकून ठेवून जातात. मी सकाळी निघते ती दिवे लागल्यावर परत येते. अशी आमची व्यवस्था आई गेल्यापासून चालू आहे आणि ती ठीक चाललीये असं मी सगळ्यांना सांगते. बोपोडीत काय चपला शिवणाऱ्यांचा दुष्काळ आहे? पण तिथला प्रत्येक जण दादांना ओळखतो, आणि पट्ट्याला भोक पाडलं ही बातमी संध्याकाळपर्यंत मला कळली असती, म्हणून हा माणूस गाडीत बसून गावाच्या दुसऱ्या टोकाला आला होता. पाय जागच्या जागी चिकटतात, दारातून जाताना अडकायला होतं, आणि तरी आला होता. पार्किन्सनला आता चार वर्षं झाली. वजन उतरतंय हे मला दिसत होतं. मी काही आंधळी नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या आजारात उतरतं, आणि मी मान डोलावली. मी पेशींची डॉक्टर आहे, माणसांची नाही; पण मान डोलवायला दोन्ही डॉक्टरांना सारखीच येते. शिवाय थकलेल्या माणसाला जे उत्तर उठून काही करायला लावत नाही ते लगेच पटतं. मला ते पटलं होतं.

पट्टा घातला, पैसे दिले, सरकत्या जिन्याने खाली गेलो. नवरात्र चालू होतं आणि त्या दिवसाचा रंग पिवळा होता, त्यामुळे फलाटावर जिकडेतिकडे झेंडूच झेंडू. गाडी आली, दार उघडलं, आणि दादांचे पाय थांबले. हे मला ठाऊक आहे. सपाट जमिनीवर त्यांना चालता येत नाही, पण ओलांडायला काही असेल तर येतं. मेंदूची काय ही तऱ्हा आहे देव जाणे, म्हणजे देवाचं आमच्याकडे काही चालत नाही, पण बोलायची पद्धत. मी माझं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवलं. त्यांनी ते ओलांडलं आणि त्या ओघात डब्यात आले. एका पिवळ्या साडीतल्या बाईंनी उठून जागा दिली, दादांचा हात बघितला, चेहरा बघितला, आणि पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढून फार मायेने म्हणाल्या, आजोबा, उपास आहे वाटतं, घ्या, हा चालतो. दादा ताठ झाले. इतक्या आजारात इतकं ताठ होता येतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. "आम्ही उपास करत नाही," ते म्हणाले. बाई ओशाळल्या, लाडू परत पर्समध्ये गेला. दादांची नजर मात्र त्या लाडवाबरोबर पर्सपर्यंत गेली. चेन लागली तरी तिथेच राहिली. ती नजर मी पाहिली.

आमच्या घरात उपास नाही. कोणी करत नाही एवढंच नाही, आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा उच्चारतात. छप्पन साली अख्खी वस्ती बौद्ध झाली तेव्हा दादांच्या आईने देव्हाऱ्यातले टाक गावच्या नदीत सोडले आणि त्याच हाताने शनिवार, सोमवार, चतुर्थी सगळं सोडून दिलं. ती म्हणायची, ज्यांच्या घरात दाणे आहेत त्यांनी उपास करावा. आपल्याला तो न मागता मिळतो. पुढे बहात्तरच्या दुष्काळात दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. तिथे सुकडीचं पीठ मिळायचं, ते ओंजळीत घेऊन उभ्याउभ्याच खायची. भुकेबद्दल ते फारसं बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, भूक आधी पोटात असते, मग डोक्यात जाते, आणि मग कुठेच नसते, तेव्हा घाबरायचं. नंतर खडकीच्या कारखान्यात लागले आणि आयुष्यभर भोंग्यावर जेवले. पोटाला विचारायचं नाही, भोंग्याला विचारायचं. आषाढीला, महाशिवरात्रीला कँटीनमधलं सगळं बाकडं साबुदाण्याच्या खिचडीवर तुटून पडलेलं, एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि ह्या गृहस्थांनी नेमकं त्या दिवशी डब्यात सुकट न्यायचं, कांदा बुक्कीने फोडायचा, आणि चांगलं मचमच आवाज करत खायचं. आप्पासाहेब म्हणून त्यांचे फोरमन होते, ते एकदा म्हणाले, सीताराम, आज तरी जरा हळू खा. दादा म्हणाले, दातांना सांगून बघतो. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की ते बाकडं मी स्वतः पाहिल्यासारखं मला आठवतं. आता तोच माणूस माझ्या शेजारी बसून एका बंद पर्सकडे बघत होता.

मी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंत. ते म्हणाले, गोळी घेतली. गोळीबरोबर काय खाल्लंत? पाणी. आणि काल? गाडी बोगद्यातून जात होती, काचेत आम्ही दोघं दिसत होतो. दादा काचेतल्या माझ्याकडे बघून हळू आवाजात, त्या पिवळ्या बाईंना ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "उपास नाही हा. प्रयोग आहे." आणि मग, कधीतरी कोणाला तरी सांगायचंच होतं अशा सुटकेने, सगळं सांगितलं. फेब्रुवारीतल्या माझ्या त्या व्याख्यानापासून सुरू आहे. आधी दुपारचं सोडलं, मग सकाळचं. रात्री मी येते तेव्हा थोडं आमटीचं पाणी. रविवारी मी घरी असते, त्यामुळे रविवारी प्रयोगाला सुट्टी. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत. तर म्हणे, तूच नव्हतीस का एकदा समजावून सांगितलं, औषधाचा खरा प्रयोग करायचा तर कोणाला काय चाललंय ते रोग्यालाही कळता कामा नये आणि डॉक्टरलाही. रोग्याला कळलंय, त्याला इलाज नाही. पण डॉक्टर लोकांना मी कळू दिलं नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, ह्या आजाराने चेहरा सगळा थिजून गेलाय तरी, अभिमान होता. मला हसू आलं आणि त्या हसण्याच्या मागोमाग असा संताप आला की कुकरची रिंग मी पिशवीतल्या पिशवीत पिळून काढली. कोणावर संतापायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्या फेब्रुवारीत, विज्ञान दिनाला वाचनालयाच्या हॉलमध्ये बोलशील का, असं वस्तीतल्या मुलांनी विचारलं आणि मी हो म्हटलं. परिषदांमध्ये मी बोलते तेव्हा पंधरा माणसं असतात आणि त्यातली सात फोनवर. इथे हॉल भरला होता, पुढच्या रांगेत पोरं मांडी घालून बसलेली, आणि त्यांच्या मागे पहिल्या खुर्चीवर दादा, लग्नातला कोट घालून. मग माणूस चढतोच. मी सांगितलं, आपल्या प्रत्येक पेशीत रोज कचरा होतो, मोडकी प्रथिनं, झिजलेले भाग. पेशी उपाशी राहिली की शहाणी होते. तो सगळा कचरा एका पिशवीत बांधते, आम्ल भरलेल्या दुसऱ्या पिशवीत नेऊन ओतते, तिथे तो विरघळतो, आणि निघालेल्या विटा-मातीतून ती पुन्हा नवं बांधकाम करते. बाहेरून एक दाणा न येता. मी महापालिकेच्या घंटागाडीचा दाखला दिला, हशा घेतला. ज्या आजारात हात कापतात त्या आजारातही मेंदूतल्या पेशींत हाच कचरा साचलेला असतो, हेही सांगितलं, पहिल्या खुर्चीकडे न बघता. पडद्यावर चित्र दाखवलं, माझ्या लॅबमधलं, उपाशी ठेवलेल्या यीस्टच्या पेशीत बारीक ठिपके नाचताहेत. पोरं आ वासून बघत होती. आणि शेवटी म्हटलं, यीस्ट असो की माणूस, पेशीचा कायदा सगळ्यांना एकच. टाळ्या थांबेनात. त्या हॉलमध्ये हे वाक्य जीवशास्त्राचं म्हणून कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ते शेवटी ठेवलं होतं. दादा टाळ्या वाजवत नव्हते, त्यांना दोन्ही हात नीट जुळवता येत नाहीत. ते नुसते मान हलवत होते. मला वाटलं, लेकीचं कौतुक. ते तिथे बसून औषध लिहून घेत होते.

शिवाजीनगर सोडल्यावर गाडी जमिनीवर आली आणि एकदम ऊन. काचेतले आम्ही दोघं नाहीसे झालो. दादांनी डोळे मिटले होते, झोप नव्हती, हात चालूच होता. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. मी आयुष्यभर यीस्ट उपाशी ठेवलंय. आधी गोड रश्श्यात वाढवायचं, मग धुऊन नुसत्या पाण्यासारख्या द्रवात टाकायचं आणि काय होतं ते बघत बसायचं. ह्याचा पगार घेते मी. आणि इतक्या वर्षांनी मला जे पक्कं माहीत आहे ते दोन वाक्यांत मावतं, बाकी सगळं कदाचित. कदाचित उपाशी उंदराला फायदा होतो. कदाचित धडधाकट माणसाला होत असेल. आईच्या वेळी तर हाच कारभार उलटा होता. तिच्या कॅन्सरच्या गाठीला औषधं उपाशी मारत होती आणि गाठीतल्या पेशी स्वतःचाच कचरा खाऊन तग धरत होत्या, आमच्यापेक्षा चिवट. तेव्हाही मी रात्री शोधनिबंध वाचून दिवसा तिला सांगत होते की होईल. हे शास्त्र माझ्या घरात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा माझ्याच तोंडून आलं. आता दादांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं, की ते सगळं खरं आहे पण तुमच्यासाठी नाही? तुमच्या पेशींना ते जमत नाही? ह्या माणसाला आयुष्यभर शाळेत, पाणवठ्यावर, बढतीच्या वेळी हेच ऐकवलं गेलं होतं, तुम्हाला जमायचं नाही. आणि न सांगावं तर दुसरं भोक तयार होतंच पट्ट्याला. त्यांचं शरीर आता कचरा खात नव्हतं, मांड्या खात होतं, दंड खात होतं. ते मला समोर दिसत होतं, त्याला सूक्ष्मदर्शक लागत नव्हता.

बोपोडीला उतरताना मी पाऊल आडवं ठेवलं, त्यांनी ओलांडलं. सोसायटीच्या फाटकाशी आमचा वॉचमन साईनाथ खुर्चीवर बसला होता. हा मनुष्य गेल्या काही महिन्यांत चांगला गोल झाला होता. मी दिवाळीची बनियन आता एक नंबर मोठी आणावी लागणार म्हणून त्याची चेष्टासुद्धा केली होती. आम्हाला दोघांना बरोबर पाहून तो उठला, हसला, काहीतरी बोलायला गेला आणि गप्प झाला. लिफ्टमध्ये मी दादांना विचारलं, ताट त्याला देत होता का. ते म्हणाले, "टाकायचं का मग? अन्न आहे." एवढं बोलून जणू विषय मिटला. खरंच, भाकरी कचऱ्यात टाकणं ह्या माणसाच्या हातून व्हायचं नाही. उपाशी राहणं होईल. हिरामावशी रोज रिकामं ताट घासत होत्या आणि मला सांगत होत्या, ताई, दादा अगदी चाटूनपुसून जेवतात. आणि मी समाधानाने मान डोलावत होते.

घरात ताट झाकलेलं होतं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा, वाटीत आमटी. मी आमटी गरम केली आणि त्यांच्यापुढे ताट ठेवलं, समोर बसले. त्यांनी ताटाकडे पाहिलं नाही, उजवा हात पुढे केला. "बघ," ते म्हणाले, "थांबलाय." हात खरंच थांबला होता, कारण त्यांनी मूठ इतकी घट्ट आवळली होती की नखं पांढरी पडली होती आणि कोपरापासून सगळा दंड ताणलेला होता. मी ती मूठ बघत राहिले. मला खूप थकायला झालं. असं वाटलं की उठावं, आतल्या खोलीत जाऊन पडावं, आणि हे उद्या सांगावं. उद्या तरी कुठे, रविवारी. आणि रविवारी काय, प्रयोगाला सुट्टी.

मी म्हटलं, दादा, ते पडद्यावरचं चित्र आठवतं का, हॉलमधलं. त्यांना चांगलं आठवत होतं. नाचणारे ठिपके, ते म्हणाले, कचरा साफ होताना. मी म्हटलं, नाही. धडधाकट पेशीत ठिपके दिसतच नाहीत. कचऱ्याची पिशवी आत गेली की विरघळली, संपलं, दिसायला काही उरत नाही. ते चित्र दिसावं म्हणून आम्ही पेशीचं पचवणं आधी बंद पाडतो. मग तिला उपाशी ठेवतो. ती बिचारी कचरा बांधत राहते, आत टाकत राहते, आणि आत काहीच विरघळत नाही. "ते नाचत नव्हते, दादा. ते अडकलेले होते."

मूठ सुटली. हात ताटाच्या कडेवर कापायला लागला आणि ताटाचा बारीक आवाज येऊ लागला.  ते म्हणाले, "म्हणजे माझं तसं आहे." मी म्हटलं, बहुतेक. खात्रीने कोणालाच माहीत नाही, पण बहुतेक तसंच. घंटागाड्या गोळा करताहेत, पण पुढे कचरा डेपो बंद पडलाय. तुम्ही उपाशी राहून आणखी गाड्या सोडताय, त्या रस्त्यातच उभ्या राहताहेत. त्यांनी मान हलवली. डेपो बंद पडला की पुण्यात काय होतं हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. पण मला ज्याची धास्ती होती ते त्यांच्या चेहऱ्यावर यायला लागलं होतं, हळूहळू, सगळं येतं तसं. ते म्हणाले, "मग तू तिथं म्हणालीस ते? कायदा सगळ्यांना एकच?"

 गाडीत जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. खिडकीतून समोरच्या इमारतीतल्या आरतीचा आवाज येत होता, कोणाच्या तरी घरात भगर शिजत असल्याचा वास होता, आणि माझे वडील सहा-सात महिने माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून भुकेले माझ्यासमोर बसले होते. मला रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता. जे तोंडाला आलं ते बोलले. "कायदा एकच आहे, दादा," मी म्हटलं. "अंमलबजावणी होत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या घशातून एक आवाज आला, आधी मला वाटलं ठसका लागला. ते हसत होते. ह्या आजारात हसू चेहऱ्यावर पोचत नाही, ते घशातच राहतं, पण खांदे हलत होते. "असं सांग की मग," ते म्हणाले. "हे कळतं मला." आणि पुन्हा हसले, आणि डोळे पुसायला हात वर नेला तर तो डोळ्याच्या बाजूने गेला, म्हणून मी माझ्या ओढणीने पुसले. कायदा आहे पण अंमल नाही, ह्यावर त्यांनी आयुष्यभर अर्ज केले होते, मोर्चे काढले होते, कारखान्यात एकदा बढती रोखली तेव्हा चार वर्षं भांडले होते. त्यात त्यांना कमीपणा वाटायचं काही कारण नव्हतं. दोष कायद्याचा नाही आणि त्यांचाही नाही, एवढं त्यांना पुरलं. मला पुरलं नाही, पण तिथे प्रश्न माझा नव्हता.

हॉलमध्ये पुढच्या वेळी हे दुसरं वाक्यही सांग, त्यांनी बजावलं, नाहीतर पोरं अर्ध्या हळकुंडाने पिवळी होतात. मग विचारलं, त्या अंमलबजावणीला इलाज काय. मी म्हटलं, अजून नाही. तुम्ही लोक शोधताय ना? मी म्हटलं, शोधतोय. त्यांनी ताट पुढे ओढलं.

"मग तोवर जेवून घेतो," ते म्हणाले.

भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत न्यायला त्यांना किती वेळ लागतो हे मी त्या दिवशी पाहिलं. निम्मी भाजी ताटाबाहेर सांडली, ती त्यांनी बोटाने गोळा करून पुन्हा ताटात घेतली. अर्धी भाकरी झाली आणि पोट आत गेलेल्या माणसाला त्याहून जास्त जाईना. मी आग्रह केला नाही. दारावरची बेल वाजली, उघडलं तर साईनाथ, मला पाहून म्हणाला, काही नाही ताई, सहज. मी उरलेली अर्धी भाकरी आणि भाजी त्याला कागदात बांधून दिली. अन्न आहे, टाकायचं कुठे.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये यीस्ट तयार होतं. रात्रभर गोड रश्श्यात वाढलेलं, गढूळ, गुबगुबीत, ताज्या पावाचा वास येणारं. दुपारी ते धुऊन उपाशी टाकायचं होतं. मी नळ्या हातात घेतल्या आणि फोन वाजला. दादा फोन करत नाहीत, त्यांना ती बटणं जमत नाहीत. ह्या वेळी हिरामावशींना थांबवून घेऊन लावायला सांगितला असणार. मी म्हटलं, हां दादा, बोला.  मागे खडकीचा भोंगा वाजत होता, लांबून, आणि तो थांबेपर्यंत ते थांबले. मग पाटावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. एकदा, नेम चुकला. दुसऱ्यांदा, तोही चुकला. तिसऱ्यांदा कांदा फुटला. आणि मग फोन अगदी तोंडाशी धरून माझे वडील जेवू लागले, हळूहळू, मुद्दाम, चांगला मचमच आवाज करत. मी तशीच उभी राहून ऐकत होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा मी पाठ फिरवली. खूप वेळाने ते घास गिळून म्हणाले, "आलं ना ऐकू?" मी म्हटलं, आलं. त्यांनी फोन ठेवला. मी नळ्या यंत्रात लावल्या, यीस्ट खाली बसू दिलं, आणि वरचं सगळं अन्न काढून टाकलं.